पालखी दारावरून तशीच पुढे गेली तर?

‘ताई, आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सव्वाशे उंबऱ्यांचं. मी नोकरीसाठी डोंबिवलीला असतो, गावी आई आणि वहिनी. दादा जाऊन दोन वर्षं झाली. यंदा शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा आईचे गुडघे धरले होते, म्हणून देवीची ओटी वहिनीने भरली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुढे अवकाळी पावसाने आंबा गेला. जुलैत गावातला १९ वर्षांचा मुलगा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून गेला. तिथला साकव (पायी जायचा छोटा पूल) दोन वर्षं मोडलेला आहे. श्रावणात गावकीने देवळात कौल लावला आणि निघालं की विधवेने ओटी भरली म्हणून देवीचा कोप झाला. बैठकीत ठरलं: २१,००० रुपये दंड, गावजेवण, आणि वहिनीने सभामंडपात नाक घासून माफी मागायची. तोवर आम्ही वाळीत. आमच्याशी जो बोलेल त्याला १,००० रुपये दंड. गणपतीत आमच्याकडे आरतीला कुणी फिरकलं नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. समोरच्या काकू तेवढ्या रात्री मागच्या दाराने येऊन जातात. आई म्हणते, पैसे भरून मोकळे होऊ. चुलतभाऊ म्हणतो, वहिनीला थोडे दिवस मुंबईला आणून ठेव, आपोआप थंड होईल. दादाने जीर्णोद्धाराचा हिशेब मागितला होता तेही लोकांच्या मनात असेल. मला कोर्टकचेरी नको, गाव तोडायचं नाही. दंड भरून टाकू का? आणि पुढच्या शिमग्यात पालखी दारावरून तशीच पुढे गेली तर काय करायचं?’

– एक चाकरमानी

भाऊ, दंड भरू नका.

का ते सांगते, पण आधी एक गोष्ट. तुमचं मूळ पत्र सहा पानांचं आहे, इथे कापून छापलंय. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्यात आईचं म्हणणं आहे, चुलतभावाचं आहे, गावकीच्या अध्यक्षांचं तर दीड पान आहे. तुमच्या बायकोचंही एक वाक्य आहे. वहिनींचं मात्र एकही नाही. ज्या बाईने नाक घासायचं असं ठरलंय, तिला काय वाटतं हे सहा पानांत कुठेच नाही. तुम्ही मुद्दाम गाळलं असं मी म्हणत नाही. बहुतेक विचारलंच नसेल. गावकीने नाही विचारलं, घरानेही नाही. तेव्हा पुढचं सगळं वाचण्याआधी त्यांना फोन लावा. आई शेजारी नसताना. दुपारी लावा, तेव्हा त्या एकट्या असतील. ‘आम्ही काय ठरवलंय’ हे सांगायला नका लावू, ‘तुम्हाला काय हवंय’ हे विचारायला लावा. आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवू नका, थोडं थांबा. वाळीत पडलेल्या घरातल्या बाईला, तेही आपल्यामुळे घर वाळीत पडलं असं ऐकवलं गेलेल्या बाईला, खरं बोलायला वेळ लागतो.

आता कौलाचं. मीही कोकणातली आहे, देवळाच्या पायरीवर बसून मोठी झालेय. कौलाची टिंगल मी करणार नाही. पण कौल कसा लागतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. देवासमोर गाऱ्हाणं घालतात, पाकळी नाही तर तांदूळ लावतात, आणि उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. देव बोलतो तो एवढाच. उजवं किंवा डावं. देव कुणाचं नाव घेत नाही. नाव घेतो तो गाऱ्हाणं घालणारा. ‘अमक्याच्या घरच्या विधवेने ओटी भरली म्हणून हे झालं का?’ असं कुणीतरी आधी म्हणालं, मग पाकळी पडली. ‘मोडका साकव दोन वर्षं दुरुस्त केला नाही म्हणून हे झालं का?’ असा कौल कुणी लावला होता? लावला असता तर पाकळी कुठल्या अंगाला पडली असती ते मला सांगता येत नाही, पण प्रश्न विचारलाच गेला नाही हे सांगता येतं. म्हणजे तुमच्या वहिनींचं नाव देवीने काढलेलं नाही. ते माणसांनी गाभाऱ्यात आत नेलं आणि देवीच्या सहीने बाहेर आणलं.

हे तुमच्या आईला सांगा, अगदी याच शब्दांत. दंड भरला नाही तर देवीचा अवमान होईल ही त्यांची भीती खरी आहे. तिला ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावू नका. सत्तरीच्या बाईची श्रद्धा एका फोनवर बदलत नसते आणि बदलायची गरजही नाही. देवीवरचा विश्वास तसाच ठेवून गावकीच्या प्रश्नावर शंका घेता येते.

आंब्याबद्दल तर बोलायलाच नको. अवकाळीने मोहोर गळतो तो गावाची वेस बघून गळत नाही. बाकीच्या गावांतही आंबा गेला असेल, तिथे काय वहिनी ओटी भरायला गेल्या होत्या? वड्याचं तेल वांग्यावर काढायची आपली सवय जुनी, पण इथे वांगंही नीट निवडून घेतलंय. नवरा नाही, मुलगा नाही, दीर मुंबईत, सासूचे गुडघे गेलेले. कोप असाच कधी अध्यक्षांच्या घरावर निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

त्या मुलाच्या आईचं मात्र वेगळं. पत्रात तुम्ही लिहिलंय की ती सगळ्यात कडवट बोलते, आणि तुम्हाला तिचा राग येतो. येऊ दे, पण तो तिच्यावर काढू नका. तिला उत्तर हवंय. ‘साकवाची फळी निसटली’ हे उत्तर खरं असलं तरी तेवढ्यासाठी पोर गेलं हे आईच्या पोटाला पचत नाही. त्याच्या जागी कुणीतरी तिला एक माणूस दिला. माणसावर रागावता येतं, फळीवर काय रागावणार? शिवाय साकवाकडे बोट दाखवायचं तर ते पुढे ग्रामपंचायतीत जातं, तिथून जिल्हा परिषदेत, आणि मध्ये गावातलीच दोन-चार घरं लागतात, ज्यांनी दोन वर्षं कागद हलवला नाही. त्यापेक्षा बोट तुमच्या घराकडे वळवणं स्वस्त. तक्रार करायची वेळ आली तर त्या बाईचं नाव त्यात घालू नका. आणि एक काम आजच करा: साकवाच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्हा परिषदेला पाठवा. हा अर्ज तुमच्या बचावासाठी नाही, तिथून अजून पोरं शाळेला जातात म्हणून. पण गावात कुणीतरी पहिल्यांदा साकव हा शब्द कागदावर लिहिला, एवढं त्यातून होईलच.

पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, तिच्याखाली मी दोन रेघा मारल्यात. दादांनी जीर्णोद्धाराचा हिशेब मागितला होता. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही आणि तुम्हीही पुरावा हातात नसताना म्हणू नका, नाहीतर भांडण भलतीकडेच जाईल. पण कुणाला वाळीत टाकलं की त्या घराचा प्रश्न विचारायचा हक्कही वाळीत जातो. जे घर बैठकीला बसूच शकत नाही ते हिशेब कसा मागणार? हे जुळवून आणलेलं असेलच असं नाही. पण सोयीचं मात्र आहे.

इथे थोडं माझं सांगते. माझ्या एका लांबच्या आत्याला लोक ‘पांढऱ्या पायाची’ म्हणत. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात गोठ्यातला बैल मेला आणि वर्षभरात सासरे गेले. पन्नास वर्षं ती बारशाला मागच्या ओळीत बसली. आम्ही पोरं तर शाळेत परीक्षेला जाताना ती दिसली की रस्ता बदलायचो. मीसुद्धा बदललाय. ती काय करायची? आम्हाला लांबून येताना पाहिलं की स्वतःच घरात जायची, आमची परीक्षा बिघडू नये म्हणून. हे मला कळलं तेव्हा ती गेलेली होती. तुमच्या वहिनी आज अंगणात येतात का, की आत राहतात? फोनवर हेही विचारा.

म्हणून म्हणते, दंड भरू नका. २१,००० रुपये तुम्हाला जड नाहीत हे तुम्ही लिहिलंय. पण तो दंड म्हणजे पावती आहे. एकदा पावती फाटली की वहिनींनी कोप ओढवून घेतला हे गावाच्या वहीत कायमचं लागलं. पुढच्या वर्षी कुणाची गाय मेली, कुणाचं जहाजावरचं काम सुटलं, की वही उघडायची आणि तेच पान काढायचं. पैसे भरून सुटलेलं घर पुन्हा दंडाला धरायला सोपं असतं, कारण त्याने एकदा कबूल केलेलं असतं. आणि वहिनी? त्यांनी सभामंडपात नाक घासल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी डोंबिवलीची गाडी पकडाल. त्या त्याच गावात पाणी भरतील, त्याच बायकांसमोर.

‘कोर्टकचेरी नको’ हे तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण कायदा काय म्हणतो ते तरी माहीत असू द्या, वापरा किंवा नका वापरू. आपल्या राज्यात वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून लोकांना संरक्षण देणारा कायदा विधिमंडळाने २०१६ साली केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. सणात, धार्मिक विधीत भाग घेऊ न देणं, संबंध तोडणं, तोडायला लावणं, व्यवहार बंद करणं, हे सगळं त्यात येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाळीत टाकायला बैठक घेणं हाही गुन्हाच. जातपंचायत म्हणा, गावकी म्हणा, मंडळ म्हणा, नोंदणी असो वा नसो, नावाने सुटका होत नाही. तक्रार बाधित माणूस करू शकतो, त्याच्या घरचं कुणीही करू शकतं. म्हणजे तुम्हीही. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे हेही आईला समजावून सांगा. दंड लावायचा अधिकार गावकीला कुठल्याच कायद्याने दिलेला नाही.

दुसरा कायदा २०१३ चा, जादूटोणाविरोधी म्हणून आपण ओळखतो तो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर आठवड्याभरातच त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत करणी-भानामतीच्या ओळीतच आणखी एक गोष्ट आहे, जी फार लोकांना माहीत नसते: अमुक व्यक्तीमुळे इतरांवर संकट येतं किंवा रोगराई पसरते असा आरोप करून तिचं जगणं मुश्कील करणं. तुमच्या गावात झालंय ते यापेक्षा वेगळं कुठे आहे? शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. देवीची पूजा, पालखी, ओटी, यांच्या आड हा कायदा येत नाही.

आता कटू भाग. बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होईल ते बहुधा लगेच गावात परत दिसतील आणि पारावर बसून तुमच्या घराकडे बघतील. तुम्ही नाही, वहिनी आणि आई त्या नजरेखाली राहतील. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढावा असं कायद्यात लिहिलंय; आपली कोर्टं तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा असं मी सांगत नाही. पण पोलीस ठाण्याचा रस्ता बंद करून बोलायलाही बसू नका. ‘आम्ही काही तक्रार करणार नाही हो’ असं आधीच सांगून टाकलेल्या माणसाशी गावकी बोलते कशाला?

माझ्या मते क्रम असा असावा. आधी कागद. तुमच्या तिघांच्या सहीचं एक पत्र गावकीला: अमुक तारखेच्या बैठकीत आमच्या घराबद्दल काय ठरलं ते लेखी द्यावं. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. एकही शिवी नाही, एकही कायदा नाही, फक्त हा प्रश्न. वाळीत टाकणारे लोक तोंडाने शूर असतात, कागदावर यायला घाबरतात. उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तर निदान बैठकीत चलबिचल सुरू होते, कारण पोस्टमनने पत्र आणलेलं सगळ्या गावाने पाहिलेलं असतं. त्याच वेळी वहिनींनी एक वही घालावी. कोणत्या तारखेला गिरणीवर दळण नाकारलं, कोण काय म्हणालं, कोण समोर होतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही आलं असेल तर फक्त स्क्रीनशॉट काढून थांबू नका, तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपा. विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे तो कोर्टात दाखवायचा तर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन असला की काम सोपं होतं.

मग मुंबई. हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही, पण तुमच्या गावाचं मुंबईकर मंडळ असणारच. कोकणातल्या कुठल्या गावाचं नसतं? देवळाच्या जीर्णोद्धाराचे पैसे बहुतेक तिथूनच गेले असतील. गावातली बैठक ज्या अध्यक्षांपुढे गप्प बसते ते अध्यक्ष मुंबईकर मंडळाच्या खजिनदारासमोर वेगळ्या सुरात बोलतात. तर मंडळाच्या दहा-बारा माणसांना एकेकटं भेटा. सभेत विषय काढू नका, सभेत सगळे परंपरेच्या बाजूचे होतात. घरी चहाला जा. त्यांच्यापैकी कुणाची बहीण विधवा असेल, कुणाची मुलगी. त्यांना विचारा, उद्या तुमच्या घरावर कौल निघाला तर? आणि सहज म्हणून सांगा की या ठरावाला मान डोलावणाराही कायद्यात अडकू शकतो. मुंबईत नोकरी करणाऱ्याला, पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी लागणाऱ्याला, हे एकदा सांगितलं की पुरतं.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मंडळातल्या जुन्या जाणत्यांना हे ऐकवा. परंपरा बदलत नाही असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, इथे एका गावाने स्वतःची बदलली, बाहेरून कुणी येऊन नाही. तुमच्या गावात ग्रामसभेत असा विषय कोण मांडेल? कदाचित कुणीच नाही, इतक्यात तरी. पण गावातल्या विधवा मोजून बघा. सव्वाशे उंबऱ्यांत दहा-पंधरा तरी निघतील. आज त्या सगळ्या गप्प आहेत, कारण प्रत्येकीला वाटतंय की यंदा आपण वाचलो.

एवढं करूनही दिवाळीपर्यंत काही हललं नाही तर मात्र तक्रार द्या, आणि तेव्हा ‘गाव काय म्हणेल’ हा विचार करत बसू नका, कारण गावाला जे म्हणायचं ते म्हणून झालंय. गावच्या ठाण्यात जायला अवघड वाटत असेल तर तुम्ही राहता तिथल्या पोलीस ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो, ते तो पुढे पाठवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलंय. घेतली नाही तक्रार, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेतच. वकिलाची फी ही अडचण नाही. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे वहिनींनी स्वतः अर्ज करायचा. सोबत कुणी हवं असेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं २०१३ पासून जातपंचायतींच्या प्रकरणांत हेच काम करताहेत, रत्नागिरी जिल्ह्यातही त्यांचे कार्यकर्ते आहेत. ते गावकीशी बोलायलाही येतात, नुसते खटलेच भरतात असं नाही.

तंटामुक्ती समितीकडे जावं का, असंही तुम्ही विचारलंत. समितीत कोण कोण आहे ते आधी बघा. बैठकीत बसलेलेच चौघे तिथे असतील तर कशाला जाता?

चुलतभावाचा सल्ला मला पटलेला नाही. वहिनींना स्वतःलाच मुंबईला यायचं असेल, चार दिवस मोकळा श्वास घ्यायचा असेल, तर आणा, खुशाल आणा, आईलाही आणा. पण ‘थंड होईल’ म्हणून त्यांना गावाबाहेर काढणं म्हणजे गावकीने सांगितलेलं काम घरानेच पुरं करणं. घर बंद दिसलं की लोक म्हणतील, बघा, गेली. आणि त्या वर्षी पाऊस चांगला झाला तर? विचार करा जरा. मग पुढच्या पन्नास वर्षांत त्यांना परत येता येणार नाही.

समोरच्या काकूंचं विसरू नका. हजार रुपये दंड डोक्यावर असताना त्या रात्री मागच्या दाराने येतात. अख्ख्या गावात आज एवढं धाडस कुणाचं नाही. त्यांचं नाव वहीत लिहू नका, मंडळातल्या कुणाला सांगू नका, तक्रारीत साक्षीदार म्हणून तर त्यांना न विचारता अजिबात घालू नका. आणि त्यांना दिवसा पुढच्या दाराने या असा आग्रहही करू नका. कधी यायचं ते त्यांचं त्या ठरवतील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पालखी दारावरून तशीच पुढे गेली तर? अजून पाच महिने आहेत, कदाचित ती वेळ येणार नाही. आली तर आदल्या दिवशीच गावी पोचा, नेहमीसारखं अंगण सारवून घ्या, रांगोळी घाला, पाट मांडा, खण-नारळाचं ताट तयार ठेवा. दार उघडं ठेवा. वाद्यं जवळ आली की तिघेही बाहेर येऊन उभे राहा. कुणाला अडवू नका, पालखीच्या खांदेकऱ्यांशी हुज्जत नको, मोबाईल काढून शूटिंग हवं तर भाचरांपैकी कुणाला तरी करू द्या. पालखी थांबली तर ओटी भरा. नाही थांबली तर तिथूनच हात जोडा आणि ताट देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवा.

ताट कुणाच्या हातात असेल ते मात्र मला विचारू नका. आईचे गुडघे तोवर बरे होतील न होतील. त्या दोघींनी ठरवावं, तुम्ही मध्ये पडू नका.